पाद्रीगुरूंची पोथी

बदलापुरास राहावे, उल्हासनगरास मुलांना मराठी शिकवावे आणि जाता-येता गाडीत उभ्या-उभ्या कादंबरीची प्रकरणे मनाशी जुळवावीत, असा माझा कैक वर्षांचा क्रम. त्यात चार वर्षांपूर्वी एक भर पडली. आमच्याच मजल्यावर एक ख्रिस्ती मावशी राहतात. मूळच्या वसईकडच्या, लग्न होऊन अंबरनाथला आल्या, कारण यजमान तिथल्या कारखान्यात, आणि यजमानांच्या निवृत्तीनंतर बदलापूरला जागा स्वस्त म्हणून इकडे. काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हा एका सकाळी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सर, रोज पाच मिनिटं द्याल का? आजचं वाचन तेवढं वाचून दाखवा.”

आजचे वाचन म्हणजे त्या दिवसासाठी नेमलेला शुभवर्तमानातला उतारा. घरात वाचणारे कोणी नाही असे नव्हते. नातवंडे मोबाईलवर तोच उतारा इंग्रजीत काढून फडाफडा वाचून दाखवीत. पण मावशींचे म्हणणे, “कानापर्यंत येतं हो, आत जात नाही.”

मी ख्रिस्ती नव्हे. पण पहिल्या दिवशी वाचावयास बसलो आणि मला माझ्या आजीची आठवण झाली. मावशींनी मेणबत्ती लावली, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. चातुर्मासात आमच्या घरी पोथी लागे तेव्हा आजी नेमकी अशीच बसत असे. वाचून झाल्यावर लगेच उठावयाचे नाही, थोडे गप्प बसावयाचे, मग ऐकलेल्यातला एखादा शब्द धरून देवाशी आपल्या भाषेत बोलावयाचे, हा मावशींचा पुढचा नेम. बाराव्या शतकात युरोपात गीगो नावाचा एक संन्यासी होऊन गेला. त्याने या नेमाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. श्रवण, मनन, निदिध्यासन हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना ही शिडी काही अगदीच परकी वाटू नये. असो. मला कुतूहल लागले ते वेगळेच. मराठी माणूस ही ख्रिस्तकथा मराठीतून ऐकावयास लागला कधी?

तो माग काढीत गेलो तो थेट गोव्यात साष्टीला पोहोचलो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. येथल्या भाषा तो इतक्या मन लावून शिकला की १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांची जडणघडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे त्याने नोंदवले. या भाषांचे नाते पंडितांनी मांडले त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. पण त्याचे खरे काम म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले. मराठीच्या थोरवीच्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत वाचल्या असतील. पण ते पुराण कशासाठी लिहिले हे सहसा कोणी सांगत नाही.

ते सांगितले आहे खुद्द पुराणातच. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचावे काय? या प्रश्नाशी मी फार वेळ थांबलो. त्यामागे सक्ती आहे. देवळे पाडली गेली होती, पोथ्या बाळगणे गुन्हा झाला होता, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. कादंबरीकाराला असा प्रश्न सुचला असता तर त्याने तो एखाद्या बंडखोराच्या तोंडी घातला असता. स्टीफन्सने तो आपल्याच ग्रंथाच्या आरंभी घातला, आणि उत्तर म्हणून पोथीच दिली. पोथी हिरावून घेणाऱ्यांच्याच पंगतीतला हा माणूस. तरी लोकांना कानाची सवय कसली आहे हे त्याने ओळखले, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी उचलली. यात त्याची हुशारी किती आणि प्रेम किती, याचा निवाडा मला करता येत नाही. मात्र ओव्या वाचताना प्रेम नव्हते असे म्हणवत नाही.

ही पोथी देवनागरीत छापावी अशी त्याची फार इच्छा होती. १६०८ साली त्याने रोमला वरिष्ठांना तसे लिहिलेही. पण खिळे काही पडले नाहीत. शेवटी मराठी ओव्या रोमी अक्षरांत निघाल्या. चर्चमधून रविवारी आणि सणांच्या दिवशी ते पुराण वाचले जाऊ लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. तोवर स्टीफन्स जाऊन तीस वर्षे झाली होती.

मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावे. हुकुमाने भाषा मरत नाही, पण छापखाने गप्प होतात. आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत उपलब्ध नाही. पुराण वाचले ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. टिपूने मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना १७८४ साली कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा त्यांना याच ओव्यांचा आधार होता अशी तिकडे आठवण सांगतात. मंगळूरलाच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखिते ताडून पुराण पुन्हा छापले, तेही रोमी लिपीत. देवनागरीत ते आले १९५६ साली, पुण्याहून, शां. प. बंडेलू यांच्या हातून. स्टीफन्सची इच्छा पुरी व्हावयास साडेतीनशे वर्षे लागली म्हणावयाची.

इकडे वसईचा इतिहास निराळा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती गावे मात्र राहिली, आणि त्यांच्या घरांतली बोलीही राहिली. पण चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये. रविवारी प्रवचनाच्या वेळी शुभवर्तमान लोकांच्या भाषेत सांगण्याची चाल होती, परंतु रोजच्या दिवसाला वेगळा उतारा असा प्रकार उपवासकाळ सोडला तर फारसा नव्हताच. बहुधा रविवारचा किंवा एखाद्या संताच्या सणाचा उताराच पुन्हा वाचला जाई. मावशींच्या आई संध्याकाळी माळ हातात घेऊन घरादाराला प्रार्थनेस बसवीत. बायबल घरात होते का म्हणून विचारले, तर मावशी हसल्या.

बदल झाला तो रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६३ च्या डिसेंबरात उपासनेला लोकभाषेचे दार उघडले. १९६५ साली परिषदेने आणखी पुढे जाऊन सर्व भाविकांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावे असे सांगितले. १९६९ साली नवा वाचनक्रम आला. रविवारची वाचने तीन वर्षांत फिरून येतात : एक वर्ष मत्तयाचे, एक मार्काचे, एक लूकचे. योहान सणासुदीला आणि मधूनमधून. रोजच्या शुभवर्तमानाचे चक्र एकाच वर्षाचे. सामान्य दिवसांत आधी मार्क, मग मत्तय, आणि सप्टेंबराच्या सुमारास लूक सुरू होतो, तो नोव्हेंबर संपेपर्यंत चालतो. जगातल्या कोणत्याही गावी जा, लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये त्या सकाळी साधारण तोच उतारा.

आमच्या या पट्ट्यात मात्र त्यालाही अपवाद सापडतो. निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नाव घेऊन उभे राहिलेले उल्हासनगर काय, दारूगोळ्याच्या आणि आगपेट्यांच्या कारखान्यांचे अंबरनाथ काय, येथे माणसे आली ती पोटामागे, चहू दिशांनी. वसईची आली, गोव्या-मंगळूरची आली, केरळचीही आली. केरळी सिरो-मलबार कॅथॉलिकांसाठी १९८८ साली कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यांची परंपरा सिरियाकची, वाचनक्रम निराळा. त्यामुळे एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक उतारा आणि चौथ्या मजल्यावर दुसरा, असे येथे सहज घडते. खाली भाजीवाल्याशी दोघीही मराठीतच घासाघीस करतात.

मावशींचे पुस्तक म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा अनुवाद. फादर वसईचेच, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते गेले, त्या दिवशी मावशींनी वाचन झाल्यावर पुस्तक मिटू दिले नाही. नुसता हात ठेवून बसल्या. मराठीचा मास्तर म्हणून मला त्या पुस्तकातली वाक्ये आवडतात. ती मोठ्याने वाचता येतात, आणि ऐकणाऱ्याला मध्ये अडखळावे लागत नाही. मुलांच्या निबंधांतून हा गुण मी वर्षानुवर्षे शोधतो आहे.

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी आले. सकाळी गडबड होती म्हणून मी संध्याकाळी गेलो. माझ्या मुलीने आमच्या दाराबरोबर मावशींच्या दारातही दोन पणत्या ठेवल्या होत्या. पुस्तक उघडले तर त्या दिवसाचा उतारा लूकच्या बाराव्या अध्यायातला : धनी लग्नाला गेला आहे, आणि चाकर कंबर बांधून, दिवे लावून त्याची वाट पाहत जागे आहेत. मी दचकलो. वेळापत्रक १९६९ चे, पंचांग आमचे, दोघांनी काही एकमेकांना विचारले नव्हते. पुढे धनी परत येतो, आणि जागे राहिलेल्या चाकरांना बसवून स्वतःच त्यांना वाढू लागतो.

“वाढतो?” मावशी म्हणाल्या. “ते पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचले. त्या नेहमीपेक्षा अधिक वेळ गप्प राहिल्या. खाली फटाक्यांची लड लागली, संपली. मग त्यांनी नाकाने हवा ओढून पाहिली.

“सर, वातीचा वास येतोय. दारातली पणती विझली वाटतं. कपाटात तेल आहे, तेवढं घाला, मग बसू.”