जिंजीचा मुक्काम

परमुलखांत राहण्यासाठीं जागा निवडावयाची झाली म्हणजे शहाणा मनुष्य आधीं पाणी पाहतो, मग वाट, आणि मग शेजार. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारच्या मंडळींना यांतील पहिल्या गोष्टीचें मोल कोणी शिकवावयास नको. दुष्काळानें तेथील कित्येक कुटुंबांना गांव सोडावयास लावलें, आणि १९९० नंतर पाणलोटाचीं कामें झालीं तेव्हां तीं परतलीं. परंतु आज ज्या बिऱ्हाडाची हकीकत मी सांगणार आहें, तें छत्रपतींचें बिऱ्हाड होतें, आणि तेथें निवड चुकती तर राज्यच बुडतें.

१६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं संभाजी महाराज संगमेश्वरीं पकडले गेले. संगमेश्वर हें नद्यांच्या संगमावरचें, डोंगरांनीं वेढलेलें गांव; महाराजांजवळ माणसें थोडीं, आणि मुक्काम लांबलेला. मार्चमध्यें त्यांचा वध झाला. राजाराम महाराज त्या वेळीं अवघे एकोणीस वर्षांचे होते. रायगडाभोंवतीं मोगलांचा फास आवळत होता. येसूबाई लहानग्या शाहूसह गडावर राहिल्या आणि एप्रिलांत दिराला त्यांनीं बाहेर काढलें. पुढें नोव्हेंबरांत रायगड पडला व मायलेंकरें बादशहाच्या कैदेंत गेलीं. त्या माउलीनें दिलेली किंमत या साऱ्या कथेंत सर्वांत मोठी आहे, असें मला नेहमीं वाटतें.

राजाराम महाराज प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले, पण पन्हाळाहि वेढ्यांत सांपडणार हें दिसत होतें. आतां जावयाचें कोठें? सह्याद्रींत किल्ले पुष्कळ होते; परंतु छत्रपति ज्या गडावर जाणार, त्या गडावर मोगलांचें सारें सैन्य लोटणार, हें उघड होतें. उलट राजा दूर गेला तर बादशहाला सैन्य दोहोंकडे वांटावें लागेल, आणि मागें राहिलेल्या सरदारांचे हात मोकळे होतील. म्हणून इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोंपवून महाराजांनीं सरळ रेषेनें सुमारें साडेसातशें किलोमीटर दूरची, तामिळ मुलखांतली जिंजी निवडली.

ही निवड हवेंत केलेली नव्हती. शिवाजी महाराजांनीं जिंजी १६७७ मध्येंच घेतली होती आणि तिची तटबंदी नव्यानें बांधविली होती. राजगिरि, कृष्णगिरि आणि चंद्रायणदुर्ग हे तीन डोंगर त्रिकोणांत उभे असून तटांनीं एकमेकांस जोडलेले आहेत. राजगिरीच्या माथ्याजवळ कड्याला एक खोल फट आहे. तिच्यावरील पूल काढून घेतला कीं वर जाणाऱ्याची वाट खुंटली. पायथ्याशीं धान्याचीं मोठीं कोठारें आणि तळीं. पाणी, वाट आणि धान्य यांची तरतूद बापानें जणूं मुलासाठींच करून ठेवली होती. हवा मात्र आपल्या मावळ्यांना मानवण्यासारखी नव्हती. पुढें १७५० नंतर तेथें राहिलेल्या फ्रेंच शिबंदीलाहि रोगराईनें सुखानें राहूं दिलें नाहीं.

सप्टेंबरच्या अखेरीस निवडक मंडळी यात्रेकरूंच्या वेषानें निघाली. वाटेंत बेदनूरच्या राणी चेन्नम्मेनें त्यांना सांभाळून पुढें लावलें आणि त्यासाठीं बादशहाचा रोष पत्करला. बंगळूरचा प्रसंग बखरींतून आलेला आहे. एका मनुष्याचे पाय इतर मोठ्या अदबीनें धुतात, हें कोणीतरी पाहिलें आणि संशय आला. साधी संवय, पण तीच जिवावर बेतली! महाराज पुढें निसटले. खंडो बल्लाळ आणि आणखी कांहीं मागें राहिले, त्यांनीं मार खाल्ला, परंतु तोंड उघडलें नाहीं.

वेलूर गांठून नोव्हेंबरांत महाराज जिंजीस आले. तेथें आणखी एक नवल वाढून ठेवलें होतें. किल्ल्याचा कारभार पाहणारे हरजीराजे महाडीक नुकतेच वारले होते, आणि त्यांची पत्नी अंबिकाबाई, म्हणजे महाराजांचीच सावत्र बहीण, किल्ला सोडावयास सहजासहजीं तयार होईना. शिबंदीचा कल महाराजांकडे वळला तेव्हां कुठें दरवाजा उघडला.

पुढील वर्षीं झुल्फिकारखान येऊन थडकला, आणि वेढा कधीं सैल, कधीं घट्ट, असा आठ वर्षें चालला. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं वेढा घालणाऱ्यांनाच वेढलें. खानाला वांदिवाशपर्यंत माघार घ्यावी लागली. बादशहाचा एक मोठा सेनापति आणि एक शहाजादा अशा रीतीनें दक्षिणेंत अडकून पडले, हा या निवडीचा खरा लाभ. मात्र तोटाहि लहान नव्हता. महाराष्ट्रांतील हालहवाल पोंचण्यास फार दिवस लागत, आणि सरदारांना बांधून ठेवण्यासाठीं जिंजीहून वतनें व इनामें सढळ हातानें द्यावीं लागलीं. शिवाजी महाराजांनीं जी वाट बुजविली होती, ती येथून पुन्हां मोकळी झाली. आश्रय म्हणून जिंजी अभेद्य. राजधानी म्हणून फार दूरची, असेंच मी म्हणेन.

१६९८ च्या आरंभीं किल्ला पडला. महाराज त्याआधींच निसटून वेलूरमार्गें विशाळगडास परत आले. १७०० मध्यें सिंहगडावर त्यांचा अंत झाला. त्यानंतर सात वर्षांनीं औरंगजेब आपल्या अहमदनगरच्या छावणींत वारला. त्या दूरच्या डोंगरावरचें एक काम मात्र आजहि आपल्या हातीं आहे. १६९७ च्या सुमारास, डोक्यावर मोगलांचा वेढा असतां, कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून थोरल्या महाराजांचें चरित्र तेथेंच लिहून पुरें केलें.