दिवाणखान्यातील समुद्र

इसवी सन १८४६ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे ॲना थिन या बाई मुक्कामास होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेतील धर्माधिकारी. बाईंना स्वतःला प्राणिशास्त्राचे शिक्षण असे काहीच नव्हते. खडकांतील डबक्यांत त्यांना काही जिवंत पोवळी दिसली आणि ती लंडनला न्यावीत असे त्यांच्या मनाने घेतले. ही पोवळी एकेकटी राहणारी. उष्ण समुद्रात प्रवाळभित्ती रचणाऱ्यांची ती दूरची भावंडे. बाईंनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचली, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेवली आणि सुखरूप घरी आणली.

खरी अडचण पुढेच होती. समुद्र दूर राहिला होता आणि बदलण्यास ताजे पाणी मिळणे कठीण. बाईंनी युक्ती काढली: उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले. ते करी मात्र घरातील एक लहानगी मोलकरीण. काम थकविणारे आहे, हे बाईंनी पुढे लेखात मान्य केले. पण मुलीला त्यात गंमतच वाटे, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. मुलीचे स्वतःचे मत कोणी विचारल्याची नोंद नाही, आणि तिचे नावही नाही.

१८४७ मध्ये बाईंनी पात्रात सागरी वनस्पती ठेवल्या. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडतात. त्यामुळे पात्र सुमारे तीन वर्षे टिकले. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांचा असाच मेळ गोड्या पाण्यात घालून दाखविला. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक निघाले, आणि घरोघरी काचेच्या पेट्या आल्या. हौशी माणसांच्या झुंडींनी किनाऱ्यावरील डबकी ओरबाडून नेली. गॉस यांच्या मुलाने १९०७ मध्ये या नासधुशीविषयी खेदाने लिहिले. बापाच्या पुस्तकांचाच तो परिणाम होता.

इतके होऊनही पेट्यांतील जीव बहुधा मरतच. प्राण्यांच्या उत्सर्गातून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील जंतूंवरून सिद्ध केले. हौशी पाळणाऱ्यांच्या हाती त्याचे मर्म फार उशिरा आले. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकी मासिकात प्रसिद्ध केली: समुद्राचे पाणी, प्रवाळभित्तीवरील जीवजंतूंनी भरलेले दगड, सूर्यप्रकाश आणि बारीक बुडबुडे. जंतूंची वस्ती त्या दगडांतच होती.

आजचा नवशिका चाळीस-पन्नास लिटरांची पेटी मांडतो तेव्हा त्यालाही प्रथम खारे पाणी आणि दगड एवढेच भरून काही आठवडे थांबावे लागते. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय त्यात मासा सोडता येत नाही, पोवळे तर नाहीच. पाणी हलविण्याचे त्या मुलीचे काम आता एक छोटासा विजेचा पंप करतो. तो रात्रभर बंद पडला, तर सकाळी पेटीतले मासे गुदमरून मेलेले आढळू शकतात.