मलयवतीचा मृत्यू आणि ‘पुरे’ या शब्दाचा अर्थ

१/ जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात येथे एक खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पोम्पेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. पैठणच्या सातवाहनांच्या काळात हे भरभराटीचे नगर होते. त्याच राजवंशातील एका राजाच्या हातून शयनगृहात घडलेला अनर्थ एका ग्रंथाने नोंदवून ठेवला आहे. हा धागा त्या नोंदीविषयी.

२/ ग्रंथ ‘कामसूत्र’, काळ साधारण इ. स. चे तिसरे शतक. दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात प्रणयक्रीडेतील प्रहारांची चर्चा आहे. तेथे वात्स्यायन सांगतो की, कुंतल शातकर्णी सातवाहनाने ‘कर्तरी’ने महादेवी मलयवतीचा प्राण घेतला. कर्तरी म्हणजे कात्री. पण येथे ते हाताने करावयाच्या एका प्रहाराचे नाव आहे.

३/ तेराव्या शतकातील टीकाकार यशोधर ‘जयमंगला’त तपशील पुरवतो. राणी नुकतीच आजारातून उठली होती, अंगी बळ आलेले नव्हते. मदनोत्सवाच्या वेषात तिला पाहून राजाचे भान हरपले आणि मस्तकावरील प्रहार जोरात बसला. येथे वैर नव्हते, शिक्षा नव्हती. होता तो केवळ बेभान खेळ.

४/ वात्स्यायन आणखी दोन उदाहरणे देतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना ही गणिका मेली. हात अधू असलेल्या नरदेवाचा प्रहार चुकला आणि एका नटीचा डोळा गेला. असले प्रकार त्याला क्लेशदायक व अनार्य वाटतात. भरधाव घोड्याला वाटेतला खड्डा दिसत नाही, तसेच कामांधांना संकट दिसत नाही. म्हणून पुरुषाने स्त्रीची सुकुमारता व स्वतःचे बळ जोखूनच वागावे, असा त्याचा सल्ला आहे.

५/ सल्ला शहाणपणाचा, पण त्यात एक मोठी उणीव आहे. जोखायचे ते पुरुषाने. स्त्रीला विचारावे असे कोठे नाही. शिवाय याच अध्यायात ‘पुरे’, ‘सोड’, ‘आई गं’ या अर्थाचे उद्गार सीत्कारांबरोबर, म्हणजे खेळाचाच भाग म्हणून मोजले आहेत. मग ज्या क्षणी ‘पुरे’ हे खरेच ‘पुरे’ असेल, तो ओळखायचा कसा? मलयवती काही म्हणाली असेल, तरी ते ऐकले जाण्याची सोय नव्हती.

६/ ती सोय आजच्या काळाने शोधली. परस्परसंमतीने हातपाय बांधण्याचा खेळ खेळणारी प्रौढ जोडपी आधीच एक संकेतशब्द ठरवतात. तो प्रणयाशी संबंध नसलेला असावा, उदाहरणार्थ ‘मोसंबी’. तो उच्चारला की खेळ तत्क्षणी थांबतो. कारण विचारायचे नाही, रुसायचे नाही. बोलणे अवघड असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा. तो खाली पडला की थांबायचे.

७/ या खेळासाठी मिळणारी बाँडेज टेप स्वतःलाच चिकटते, कातडीला वा केसांना नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण ताणून गुंडाळली तर तीही रक्तप्रवाह अडवते आणि नसा दाबते. गळ्याभोवती किंवा नाकातोंडावर ती कधीही लावू नये. सांध्यांवर आवळू नये. खाली एक बोट सहज सरकले पाहिजे. बोटे गार पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या, तर लगेच कापावी.

८/ त्यासाठी बोथट टोकाची, ड्रेसिंगची कात्री हाताशी असावी. ज्या ‘कर्तरी’ने मलयवतीचा जीव गेला, तिच्याच नावाचे हे अवजार येथे सुटकेचे साधन ठरते. बांधलेल्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. मद्य घेऊन हा खेळ नकोच. आणि आजारातून उठलेल्या राणीची आठवण ठेवून, आधी प्रकृतीची विचारपूस करावी.

९/ संमतीचा हा अर्थ कायद्यातही उशिराच स्पष्ट झाला. १९७२ च्या देसाईगंज येथील मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नसणे तिच्याच विरुद्ध गेले. १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे ठणकावले. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने, शब्दांतून वा खुणेतून स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार म्हणजेच संमती, अशी व्याख्या आली.

१०/ आधी दिलेला होकार मध्येच मागे घेता येतो. बांधून घेतलेल्या माणसाचा तो हक्क बांधला जात नाही. वात्स्यायनाने धोका नेमका ओळखला, पण उपाय एकट्या पुरुषाच्या विवेकावर सोपवला. रागाच्या भरात सर्वांत आधी हरपतो तो विवेकच, हे त्याच्याच उदाहरणांतून दिसते. म्हणून थांबवण्याचा अधिकार जिच्या किंवा ज्याच्या अंगावर खेळ चालला आहे, त्या व्यक्तीच्या हाती असायला हवा.