परक्या कथेतील पांथस्थ

ज्या कथेचे आपण नायक नाही, त्या कथेत आपले काम काय? हा प्रश्न आम्हांस आमच्या चिरंजीवांच्या संगणकाने घातला. एका रविवारी दुपारी जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या माडीवर ते एका खेळात असे काही गढून गेले होते की, भाकरी निवत असल्याचा निरोप त्यांच्या मातोश्रींनी दोनदा धाडूनही उपयोग झाला नाही. तिसरा निरोप घेऊन आम्ही स्वतः वर गेलो. पडद्यावर एक नगर जळत होते आणि चार-दोन शिपाई पडक्या वेशीपाशी दबा धरून बसले होते.

“यात राजा कोण?” आम्ही विचारले.

“देवळात अडकलेला तो पुजारी. खरा वारस तोच आहे, पण त्याला अजून ते ठाऊक नाही.”

“आणि तू?”

“मी कोणीच नाही, बाबा. तुरुंगातला कैदी होतो, सुटलो, इतकेच.”

तीस वर्षे विद्यार्थ्यांस इतिहास शिकविण्यात घालविलेल्या माणसास हे उत्तर चमत्कारिक वाटले. खेळावयाचे तर राजा व्हावे, निदान सेनापती तरी व्हावे. स्वतःच्या वेळाने आणि वीजबिलाने ‘कोणीच नाही’ होण्यात काय सुख? भाकरी बाजूस ठेवून आम्ही त्या खेळाची हकीकत ऐकून घेतली, आणि पुढे काही आठवडे या विद्येचा थोडाबहुत अभ्यासही केला. त्याचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहो.

या जातीच्या खेळांत खेळणारा एक सोंग घेतो व त्या सोंगाच्या डोळ्यांनी एका कल्पित जगात वावरतो. त्यांचे मूळ युद्धाच्या पटांत आहे. त्या पटांवर खेळणारा सबंध सैन्याचा धनी असे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला आणि सैन्याच्या ठिकाणी एकेका खेळाडूच्या हाती एकेकच माणूस दिला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसावे, एकाने कथा चालवावी, बाकीच्यांनी आपापल्या सोंगाची वाचा व्हावे, असा तो प्रकार होता. त्या मंडळीत मुख्य असा कोणी नसे. पुढे हाच खेळ संगणकात शिरला, तेव्हा टेबलाभोवतीचे मित्र गेले आणि खेळणारा एकटा उरला. आणि एकट्या माणसाची खुशामत करणे सोपे असते. १९८६ साली जपानात निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळणारा थोर वीराचा वंशजच होऊन बसला. जगाचे रक्षण करावयाचे ते त्यानेच, असा संकेत तेव्हापासून रूढ झाला.

पण संकेत रूढ झाला की त्यास फाटा देणारेही निघतातच, आणि येथे ते त्याच घरात निघाले. १९९० सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चौथ्या भागात नायक येतो तो पाचव्या प्रकरणात. त्यापूर्वीची चार प्रकरणे इतरांची आहेत. त्यांतील तिसरे प्रकरण तोर्नेको नावाच्या एका दुकानातील नोकराचे. त्याला बायको आहे, लहान मुलगा आहे, आणि स्वतःचे दुकान काढावे एवढीच त्याची आकांक्षा आहे. खेळणाऱ्याने सकाळी उठून शस्त्रांच्या दुकानात जावयाचे, गिऱ्हाइकांस तलवारी विकावयाच्या आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी यावयाचे. ज्या तलवारींनी दुसरे लोक पराक्रम करणार, त्यांचा भाव हा ठरविणार! नवी पेठेत दुकान घालून बसणाऱ्या आमच्या स्नेह्यांस ही कथा आम्ही सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “उधारी किती होती ते सांगितले नाहीत?” उधारीचा हिशेब खेळात नाही. आमच्या मते ती एक उणीवच आहे.

चिरंजीवांचा खेळ २००६ सालचा. त्याचे नाव ‘ऑब्लिव्हियन’. त्याची नव्याने सजविलेली आवृत्ती २०२५ साली निघाली, आणि ती आमच्या माडीपर्यंत पोहोचली. कथा अशी : एका कैद्याच्या कोठडीतून राजवाड्याची गुप्त वाट जाते. मारेकरी मागे लागलेला वृद्ध बादशहा त्याच वाटेने निघतो, वाटेत मारला जातो, आणि मरताना राजचिन्हाचा मणी त्या कैद्याच्या हाती देतो. तो मणी वारसाकडे पोहोचवावयाचा. वारस मार्टिन हा एका देवळात पुजारी आहे. त्याला सोडवून आणणे, त्याच्यासाठी दारोदार फिरणे ही सर्व कामे खेळणाऱ्याची. शेवटच्या युद्धात तो पुजारी मणी फोडून आत्मयज्ञ करितो, महासर्पाचे रूप घेऊन दैत्यास घालवितो आणि पाषाण होऊन राहतो. खेळणाऱ्याने उभे राहून पाहावयाचे. त्याच वर्षी, त्याच महिन्यात जपानात ‘फायनल फँटसी’चा बारावा भाग निघाला. त्यातही वान नावाचा एक पोरका मुलगा हिंडतो. कथा मात्र राज्य गमावलेल्या आशे नावाच्या राजकन्येची आणि राजघातकी ठरविल्या गेलेल्या बाश नावाच्या सरदाराची आहे. हा बाशच प्रथम नायक व्हावयाचा होता. पण मध्यमवयीन नायक तरुण गिऱ्हाइकांस रुचणार नाही म्हणून कोवळ्या वानास पुढे केले, असे तो खेळ करणाऱ्यांकडूनच पुढे सांगण्यात आले. आमच्या वयाच्या वाचकांनी याचा विषाद मानू नये. आम्ही मानला.

वानविषयी पुष्कळांची तक्रार अशी की, हा मुलगा कथेत असला काय आणि नसला काय, सारखेच. ही तक्रार वाचली आणि आम्हांस एकाएकी वरसईच्या विष्णुभटजी गोडशांचे स्मरण झाले.

‘माझा प्रवास’ हे पुस्तक कित्येक मराठी घरांत आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, पेणनजीकच्या वरसईचे हे भिक्षुक. घरास कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता आली, आणि १८५७ साली चुलत्यांस सोबत घेऊन भटजी उत्तरेस निघाले. महूच्या सुमारास बंडाची बातमी कानी आली. शहाणा माणूस परतला असता. पण कर्ज परतू देत नव्हते. तेथून पुढे इतिहासाने आपले सर्वांत मोठे प्रकरण या गृहस्थांच्या वाटेत आणून ठेवले. सर ह्यू रोजने १८५८ च्या मार्चमध्ये झाशीस वेढा घातला, तेव्हा भटजी आत होते. एप्रिलच्या आरंभी शहर पडले, कत्तल झाली, तेव्हाही ते तेथेच लपून होते. गाठीचे द्रव्य गेले. पुढे काल्पीच्या बाजूस एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाईंची व त्यांची गाठ पडली. बाई घोड्यावरून आलेल्या, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढावयास पुढे झाले. तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून बाईंनी त्यांस थांबविले, स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या.

या प्रसंगी आम्ही नेहमी थबकतो. खेळ असता, तर येथे पडद्यावर दोन पर्याय उमटले असते : ‘राणीबरोबर जावे’ की ‘आपल्या वाटेने जावे’. आणि खेळणाऱ्याने पहिला पर्याय निवडावा, याची तजवीज खेळ करणाऱ्याने आधीच करून ठेविली असती. भटजींपुढे पर्याय नव्हता. त्यांचा हातही उपयोगी पडला नाही. विहिरीचे पाणीसुद्धा त्यांनी काढावयाचे नव्हते! बाई आपल्या वाटेने गेल्या. जूनमध्ये ग्वाल्हेरीस त्यांचा अंत झाला, तेव्हा भटजी तेथे नव्हते. ती हकीकत त्यांनी इतरांच्या तोंडून ऐकली. ज्या कथेचा शेवट आपल्या पाठीमागे, आपणांस न विचारता होतो, त्या कथेत आपण खरोखर गौण असतो.

येथेच आमच्या चिरंजीवांशी आमचा वाद झाला. त्यांचे म्हणणे, ऑब्लिव्हियनमधला कैदी आणि भटजी हे एकाच जातीचे. आम्ही म्हणालो, नाही. तू तो मणी खिशात टाकून चार महिने रानात औषधी वनस्पती गोळा करीत हिंडलास, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढ्या अवधीत त्या वारसाचे काय झाले? “काही नाही, तो वाट पाहत राहतो,” ते म्हणाले. मग झाले तर! ज्याच्यासाठी शत्रू वेशीवर खोळंबून राहतो, ज्याच्या सवडीने नगरे जळतात, त्यास गौण कोण म्हणेल? त्याला फक्त मुकुट दिलेला नाही. काळ मात्र सर्वस्वी त्याच्या स्वाधीन आहे. ह्यू रोज भटजींसाठी अर्धी घटकाही थांबला नाही. आमच्या मते या खेळांनी नायकपण टाकलेले नाही, झाकले आहे. त्या मानाने तोर्नेकोचे प्रकरण अधिक प्रामाणिक. तेथे निदान दुकानाची दारे वेळेवर उघडतात आणि मजुरी रोजच्या रोज मोजून मिळते.

चिरंजीव निरुत्तर झाले नाहीत. अलीकडची मुले होत नाहीत. ते म्हणाले, “पण बाबा, तो चार महिने जे पाहत हिंडतो, तोच तर खेळ आहे. राजाची गोष्ट कोणालाही दोन मिनिटांत सांगता येते.”

हे मात्र खरे होते, आणि ते बखरींसही लागू आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. त्यात राजा आहे, गड आहेत, मोहिमा आहेत. सभासद स्वतः कोठे जेवला, कोठे निजला, हे नाही. त्याने नसावे हेच त्या काळी उचित होते. भटजींच्या पुस्तकात मात्र भटजी पानोपानी आहेत : त्यांची भूक, त्यांची भीती, कमरेचे पैसे, चुलत्यांची काळजी आणि शेवटी खांद्यावरून घरी आणलेली गंगेची कावड. धन मिळवावयास गेलेला माणूस पाणी घेऊन परत आला. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हा वृत्तांत लिहिला. वैद्यांनी तो भटजींच्या पश्चात १९०७ साली प्रसिद्ध केला, पण छापताना भाषेत फेरफार केले आणि काही भाग गाळला. मूळ प्रतीवरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. म्हणजे या गौण माणसास स्वतःच्या शब्दांत बोलावयास आणखी साठ वर्षे थांबावे लागले.

वैद्यांस आम्ही दोष देत नाही. तो दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याचे कारण आमच्याच घरात आहे.

सोलापूरच्या वाचकांस १९३० सालचा इतिहास सांगावयास नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ५ मे रोजी गांधीजींस अटक झाली, ८ मे रोजी येथे गोळीबार झाला, पुढचे काही दिवस शहरात सरकारचा अंमल नव्हता, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा यांस येरवड्यास फाशी दिले. शहरात त्यांचे पुतळे आहेत. त्यांवर आम्ही व्याख्याने दिली आहेत, ती ठीक वठल्याचे लोक म्हणतात.

त्या मे महिन्यात आमचे आजोबा अठरा वर्षांचे होते आणि गिरणीत साच्यावर काम करीत होते. मोर्चात ते नव्हते, तुरुंगात गेले नाहीत, साक्षीसही त्यांस कोणी बोलाविले नाही. आम्ही पदवीच्या वर्गात असताना, मोठ्या उत्साहाने वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि लष्करी कायद्याची हकीकत विचारली. आजोबा सांगू लागले : साच्यावर अर्धे विणलेले धोतर तसेच राहिले, आईने गांधीटोपी ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरली, आणि ती पुढे काढली तेव्हा उंदरांनी खाल्ली होती, रात्री कोणी खोकले तरी सारी चाळ जागी होई, दुकाने बंद म्हणून अमक्या गल्लीत ज्वारी अमक्या भावाने मिळे. आम्ही त्यांस मध्येच तोडून विचारले, “पण आजोबा, गोळीबार तुम्ही पाहिला का? धनशेट्टींना पाहिले का?” त्यांनी मान हलविली. आम्ही वही मिटली. ते आणखी काही सांगत होते. आम्ही ऐकत आहोत असे दाखविले.

पुढे चार वर्षांनी ते गेले.

त्या रविवारी भाकरी पुन्हा गरम करून घेऊन पिता-पुत्र जेवावयास बसले, तेव्हा हे सर्व आम्ही चिरंजीवांस सांगितले. त्यांनी ते निमूट ऐकून घेतले. मग म्हणाले, “बाबा, तेव्हा ज्वारीचा भाव काय होता?”

आजोबांनी तो आकडा सांगितला होता. आम्ही लिहून घेतला नाही.