मानसशास्त्राची ओळख एका घोड्यापासून

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. ती एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. म्हणाली, "आमच्या मुलांना मानसशास्त्र म्हणजे काय ते एक तास सांगशील का? अकरावीला हा विषय घेता येतो, पण तोवर त्यांना त्यातलं काहीच माहीत नसतं." मी हो म्हटलं आणि रात्री बसून पंचवीस स्लाइड्स बनवल्या. पहिली स्लाइड अर्थातच १८७९, लायप्झिग, विल्हेल्म वुंट, पहिली प्रयोगशाळा. मग फ्रॉइड, पावलोव्ह, वॉटसन, स्किनर. थोडक्यात, आपण सगळ्यांनी नेटसाठी पाठ केलेली यादी.

वर्गात गेले, नाव सांगितलं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "ताई, म्हणजे तुम्हाला आमच्या मनातलं कळतं?"

सगळा वर्ग हसला. हा प्रश्न तुम्हालाही कुणी ना कुणी विचारला असेलच. लग्नात, रेल्वेत, घरमालकाने, कुणीही. आपण "नाही हो, तसं काही नसतं" म्हणतो आणि विषय बदलतो. त्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि मुलांना एका घोड्याची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. कारण ती शाळेतल्या मुलांना आवडते हे खरं, पण ती जास्त लागू पडते ती डेटा गोळा करायला निघालेल्या आपल्यासारख्यांना.

बर्लिनचा हुशार हान्स

गोष्ट आहे बर्लिनमधली, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक होते, गणित शिकवायचे. प्राण्यांनाही माणसासारखी बुद्धी असते, फक्त त्यांना कुणी शाळेत घातलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मग त्यांनी आपल्या घोड्याची शाळा सुरू केली. घोड्याचं नाव हान्स. फळा, लाकडी खुंट्या, मणी ओवलेली मोजणीची पाटी, आणि बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून पाव किंवा गाजर. सुमारे चार वर्षं ही शिकवणी चालली.

हान्स उत्तर द्यायचा ते खुराने जमिनीवर ठोके देऊन. बेरीज करायचा, अपूर्णांक सोडवायचा (आधी अंशाचे ठोके, मग छेदाचे), तारीख सांगायचा, जर्मन शब्द ओळखायचा. १९०४ च्या उन्हाळ्यात त्याचं नाव वर्तमानपत्रांत गाजू लागलं. फॉन ओस्टेन यांच्या घराच्या अंगणात गर्दी व्हायची. आणि ते एक पैसा घ्यायचे नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे मी थांबले आणि वर्गाला विचारलं, "काय वाटतं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ताई, नंदीबैल!"

मला हे सुचलंच नव्हतं, आणि उदाहरण किती चपखल! "पाऊस पडेल का?" असं नंदीवाला विचारतो, ढोलकं गुबुगुबु वाजतं आणि बैल मान हलवतो. आपण लहानपणी तोंडाचा आ करून बघितलेलं असतं. मोठेपणी कळतं की बैल ढोलक्याच्या, कासऱ्याच्या इशाऱ्यावर शिकवलेला आहे. म्हणजे नंदीवाल्याला सगळं ठाऊक असतं. ती त्याची कला आणि त्याचं पोट.

हान्सच्या बाबतीतही लोकांना हाच संशय आला. म्हणून सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जणांची एक समिती बसली. अध्यक्ष कार्ल श्टुम्फ, बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख. सोबत एक सर्कसमालक, प्राणिसंग्रहालयाचे संचालक, शिक्षक आणि घोड्यांचे जाणकार. सर्कसवाला कशाला? तर इशाऱ्यावर जनावर नाचवण्याच्या युक्त्या त्याच्याइतक्या कुणाला माहीत असणार! समितीने कसून तपासणी केली. मालक समोर नसताना दुसऱ्याने प्रश्न विचारले, तरीही हान्सने बरोबर उत्तरं दिली. निष्कर्ष निघाला की इथे लबाडी नाही, मुद्दाम केलेला कोणताही इशारा नाही. या प्रकाराचा गंभीरपणे शास्त्रीय अभ्यास व्हावा, असंही समितीने म्हटलं.

आता बघा, समिती चुकली का? मला तसं वाटत नाही. तिच्यापुढे प्रश्न होता, "मालक फसवतोय का?" त्याचं "नाही" हे उत्तर अगदी बरोबर होतं. पण वर्तमानपत्रं वाचणाऱ्या लोकांनी त्याचा अर्थ लावला, "म्हणजे घोड्याला गणित येतं!" फसवणूक नसणं आणि दावा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर?

गोष्ट इथवर आल्यावर मी मुलांना उत्तर सांगितलं नाही. विचारलं, "समिती संपली. आता तुम्ही काय तपासाल?" भराभर हात वर झाले. घोड्याचे डोळे बांधा. मालकाला पडद्याआड उभं करा. मग एक मुलगा म्हणाला, "ज्याला गणित येत नाही त्याला प्रश्न विचारायला लावा." वर्गात हशा पिकला. पण या मुलाने नेमकं तेच सांगितलं होतं जे श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर प्फुंग्स्ट याने केलं. तेव्हा त्याच्या नावापुढे डॉक्टर नव्हतं, हेही तुमच्यासाठी मुद्दाम सांगते.

बघ्यांचा त्रास नको म्हणून अंगणात तंबू ठोकला गेला. प्फुंग्स्टने प्रत्येक प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. एकदा विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना, एकदा माहीत नसताना. उदाहरणार्थ, आकड्याचं कार्ड घोड्यासमोर धरायचं, पण धरणाऱ्याने स्वतः बघायचं नाही. विचारणाऱ्याला आकडा माहीत असला की हान्सची ९८ टक्के उत्तरं बरोबर. माहीत नसला की ८ टक्के.

बेरजेची परीक्षा तर मला फारच आवडते. फॉन ओस्टेन घोड्याच्या कानात एक आकडा कुजबुजायचे, मग प्फुंग्स्ट दुसरा. एकाला दुसऱ्याचा आकडा माहीत नाही, त्यामुळे बेरीज जगात फक्त हान्सला येणं शक्य. अशा ३१ वेळांपैकी उत्तर बरोबर आलं ३ वेळा. उत्तर माहीत असताना तितक्याच परीक्षांमध्ये २९ बरोबर.

म्हणजे माहिती विचारणाऱ्याकडूनच घोड्याकडे जात होती. पण कशी? हान्सला मोठ्या झापडा लावल्या. विचारणारा दिसेना तसा घोडा मान वळवून, दोर ताणून त्याला बघायची धडपड करू लागला, आणि दिसला नाही की उत्तरं चुकू लागली. म्हणजे वाट डोळ्यांची होती. मग प्फुंग्स्टने घोड्याकडे बघणं सोडलं आणि माणसांकडे बघायला सुरुवात केली. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा क्षण हा.

त्याला दिसलं ते असं. प्रश्न विचारून झाला की माणूस ठोके बघायला किंचित पुढे झुकतो, आणि घोडा सुरू करतो. मनातल्या मनात मोजताना ताण वाढत जातो. बरोबर आकडा आला की तो ताण सुटतो आणि डोकं अगदी इवलंसं वर येतं, की घोडा थांबतो. ही हालचाल इतकी सूक्ष्म, की करणाऱ्याला स्वतःलाही पत्ता नसतो. चुकांचा हिशेबही जुळला. हान्सच्या पुष्कळ चुका एखाद्या ठोक्याने कमी किंवा जास्त अशा असायच्या. गणित न येणाऱ्याची चूक अशी नसते, इशारा हुकलेल्याची असते.

एवढ्यावर तो थांबला नाही. प्रयोगशाळेत येऊन तो स्वतःच घोडा झाला. समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि प्फुंग्स्टने हाताने ठोके देत जायचं, त्याचं डोकं हललं की थांबायचं. २५ जणांवर हे करून बघितलं. त्यातल्या दोघांना सोडून सगळ्यांनी नकळत तोच इशारा दिला. १९०७ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

मग आम्हीही वर्गात हा खेळ खेळलो. एक मुलगी घोडा, बाकावर पेनाने ठोके देणार. एक मुलगा मनात आकडा धरून तिच्याकडे बघणार. पाचपैकी तीनदा तिने बरोबर ओळखलं. मग दोघांनीही न बघितलेली चिठ्ठी घेऊन तोच खेळ, आणि एकही बरोबर नाही. पाच वेळांवरून काही सिद्ध होत नाही, हेही सांगून टाकलं. त्यावर एकाने विचारलं, "मग किती वेळा करायचं?" मला तर हाच तासाचा खरा निकाल वाटला. नमुना किती मोठा हवा हा प्रश्न मला एम.एस्सी.ला पडला होता, याला नववीत पडला.

पहिल्या बाकावरच्या मुलीलाही तिचं उत्तर मिळालं. हान्सला मनातलं कळत नव्हतं, मानेतलं कळत होतं!

आपण सगळे फॉन ओस्टेन

माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं, त्यामुळे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. "घोडा शेवटी मूर्खच निघाला" असा शेवट करू नका. माणसाला माणसातलं जे दिसत नव्हतं ते त्या घोड्याला दिसत होतं. त्याची हुशारी गणिताची नव्हती, इतकंच. आणि फॉन ओस्टेन लबाड नव्हते. पैसे न घेणारा, चार वर्षं मनापासून शिकवणारा माणूस होता तो. तपासाचा निकाल त्यांना मानवला नाही. १९०९ मध्ये ते वारले. प्रामाणिक माणूस फसत नाही, हा आपला गोड गैरसमज आहे.

पुढे १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत आणली. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे उंदीर भूलभुलैयात हुशार अशा वाणाचे. बाकीच्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात उंदीर सगळे सारखेच, लेबलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी लावलेली. तरीही "हुशार" उंदरांची कामगिरी सरस आली. ज्यांना हुशार उंदीर मिळाले होते त्यांनी ते जास्त मायेने हाताळले, असंही त्यांच्याच सांगण्यातून दिसलं. प्फुंग्स्टचं पुस्तक १९६५ मध्ये पुन्हा निघालं, तेही रोझेन्थाल यांच्या संपादनाखाली.

आता माझी गोष्ट. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी मुलांचे व्हिडिओ बघून ती उत्तर देण्याआधी किती वेळ थांबतात ते नोंदवत होते. कोणतं मूल कोणत्या गटातलं, हे मला माहीत होतं. दोन गटांतला फरक इतका सुंदर आला की मी घरी फोन करून सांगितलं. आईला काही कळलं नाही, पण तीही खूश झाली. गाइडनी फक्त एवढंच विचारलं, "नोंदी करताना गट माहीत होता का तुला?" मग लॅबमधल्या एका मित्राने फाइलींची नावं बदलून दिली आणि मी सगळे व्हिडिओ पुन्हा नोंदवले. फरक जवळजवळ विरघळून गेला. "थांबणं" नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरवताना मी दरवेळी थोडं थोडं माझ्या गृहीतकाकडे झुकत होते. मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. सहा महिन्यांचं काम गेलं. दोन दिवस मी लॅबला गेले नाही.

हान्सची गोष्ट मला तेव्हा पाठ होती बरं का! एम.एस्सी.च्या परीक्षेत टीपही लिहिली होती, मार्क चांगले पडले होते. पण ती मला "तेव्हाच्या भोळ्या लोकांची गंमत" वाटायची. इतिहास असा वाचला की तो काही शिकवत नाही.

म्हणून आता तुम्हाला दोन गोष्टी सांगते. एक, तुम्हाला कुठल्या शाळेने बोलावलं तर नावं आणि सनांची यादी घरी ठेवा. मुलांना कोडं द्या, उत्तर लपवा, आणि "तुम्ही कसं तपासाल?" विचारून गप्प बसा. वुंट त्यांना पुढे भेटेलच. पण उत्तर देणाऱ्याइतकंच विचारणाऱ्यालाही तपासावं लागतं, ही मानसशास्त्राची शिस्त त्यांना पहिल्याच तासाला कळू दे.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या कामाची. डेटा घ्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि लिहून काढा: माझ्या प्रयोगात बरोबर उत्तर कुणाकुणाला माहीत आहे? सूचना देणाऱ्याला? नोंद करणाऱ्याला? जिथे माहीत नसूनही काम चालेल, तिथे ते माहीत होऊ देऊ नका. फाइलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या, गटांची यादी मित्राच्या कपाटात ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. माझे सहा महिने गेले, तुमचे वाचू देत.