शरदांतील चूल व संशोधकाचें दप्तर

इतिहाससंशोधकाच्या दप्तरांत सनदा, महजर, निवाडपत्रें व पोथ्या यांस मानाचें स्थान असतें. परंतु ज्या वहींत घरच्या सुगरणीनें फराळाचें प्रमाण टिपलें, किंवा एखाद्या मुलीनें भुलाबाईचीं गाणीं उतरून घेतलीं, ती वही बहुधा रद्दींत जाते. अशा वह्याही इतिहासाचें अस्सल साधन होत, असें आमचें मत असून तें मेनोनाइट नामक ख्रिस्ती पंथाच्या उदाहरणावरून येथें मांडावयाचें आहे. हा पंथ परदेशचा खरा. तथापि यवतमाळशीं त्याचा संबंध आलेला आहे.

इ. स. १५२५ मध्यें झूरिच येथें प्रौढपणीं स्वेच्छेनें बाप्तिस्मा घ्यावा असें मानणारी चळवळ सुरू झाली. फ्रीसलंडांतील धर्मोपदेशक मेनो सायमन्स (१४९६–१५६१) हे १५३६ मध्यें जुनी मंडळी सोडून तींत आले. त्यांच्यावरून पंथास नांव मिळालें. शस्त्र न धरणें हें या पंथाचें व्रत. छळामुळें व सक्तीच्या लष्करी चाकरीच्या भयानें हे लोक हॉलंडांतून विश्चुला नदीच्या मुखप्रदेशांत, तेथून १७८९ पासून दक्षिण रशियांत व १८७४ नंतर उत्तर अमेरिकेंत गेले. दुसरी एक शाखा पूर्वींच पेनसिल्व्हेनियांत स्थायिक झाली होती. या भ्रमंतीच्या खुणा त्यांच्या ताटांत राहिल्या. रशियांत शिकलेलें बोर्श्ट नांवाचें सार कॅन्ससच्या चुलीवरही त्याच नांवानें शिजलें. एकावर एक गोळा ठेवून भाजलेला झ्वीबाक हा पाव प्रवासासाठीं पुन्हां भाजून कडक करीत. पेनसिल्व्हेनियांत शरद ऋतु आला, कीं अंगणांत तांब्याची मोठी कढई चढे, आणि घरांतील लहानथोर आळीपाळीनें दिवसभर सफरचंदांचा रस व फोडी आटवीत बसत.

हिंदुस्थानांतही हा पंथ आला तो अन्नाच्या निमित्तानें. १८९७ च्या दुष्काळांत अमेरिकेंतील मेनोनाइटांनीं धान्य व पैसा जमविला, आणि जॉर्ज लॅम्बर्ट हे त्या मदतकार्यासाठीं येथें आले. १८९९ मध्यें धमतरी येथें त्यांचें ठाणें बसलें. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळांत वऱ्हाड प्रांतही होरपळला. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेल्यावर यवतमाळ व धमतरी एकाच प्रांतांत आलीं. यवतमाळ हें फ्री मेथडिस्ट मंडळीचें क्षेत्र. तेथें १९५३ मध्यें युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, आणि तिच्याशीं सहकार्य करणाऱ्या मंडळ्यांत मेनोनाइटही होते. १९८३ मध्यें ही संस्था पुण्यास हलली.

या पंथाचें एक कार्य संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. आईच्या हस्तलिखित पाकवह्या मुली टाकून देऊं लागल्या, हें मेरी एमा शोवॉल्टर यांनीं पाहिलें. त्यांनीं ठिकठिकाणच्या मेनोनाइट घरांतून अशा वह्या व कृति मिळविल्या, आणि त्यांतून १९५० मध्यें ग्रंथ सिद्ध केला. त्यांत अकराशेंहून अधिक कृति आहेत.

आपल्याकडे ही दृष्टि नवी नाहीं. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याबरोबर त्यांच्या आरोगणेचेही उल्लेख आहेत; तेराव्या शतकांतील महाराष्ट्राचें अन्न आपणांस त्यांतून कळतें. याच यवतमाळांत यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें महानुभाव पोथ्यांचा शोध चालविला, व १९२५ मध्यें त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ निघाला. पोथीच्या बाबतींत जें झालें, तें चुलीच्या बाबतींत व्हावयाचें आहे.

त्यास शरद ऋतूइतका अनुकूल काळ नाहीं. भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत विदर्भांत भुलाबाई बसते; मुली घरोघर गाणीं म्हणतात आणि झांकलेल्या डब्यांतील खिरपत ओळखतात. कापसाच्या पहिल्या वेंचणीस शेतांत सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखविला जातो. कोजागरीस ज्येष्ठ अपत्यास ओवाळून घरचीं सर्व माणसें चांदण्यांत दुधाभोंवतीं बसतात. या प्रसंगांचीं गाणीं व पदार्थ गांवोगांव निराळे. त्यांची नोंद सरकारी दफ्तरांत शोधूनही सांपडावयाची नाहीं.

अशा वह्यांचा काळही ठरवितां येतो. भाव आणे-पैंत असल्यास टिपण बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वींचें अथवा त्या सुमाराचें. शेर-पायलीवरून मात्र काळ ठरवूं नये. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाल्यावरही स्वयंपाकघरांत पायली पुष्कळ दिवस नांदली. शाई, कागद व अक्षर हीं ताडून पाहावीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच: वही मिळतांच लिहिणारीचें माहेर, सासर व गांव नोंदवावें, तेलाचे डाग पुसूं नयेत, मध्यें खोंचलेले सुटे कागद जागचे हलवूं नयेत, आणि ज्या वृद्धेस तींतील प्रमाण वाचतां येतें, तिच्याकडून तें आजच वाचून घ्यावें. कागद एक वेळ पेटींत टिकेल. पण ‘अदमासानें’ या शब्दाचा अर्थ तिच्या हातांत आहे.