पपईचे रानातले सोयरे

१/ शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. तापीच्या खोऱ्यातून जाताना केळीच्या बागांना लागून पपईचे मळे दिसतात. हे झाड आता इतके आपले झाले आहे, की साडेपाचशे वर्षांपूर्वी ते भारतात नव्हतेच, हे सहज पटत नाही. त्याचे माहेर अमेरिकेत. त्याच्या पुढच्या पिढ्या कशा असतील, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या माहेरच्याही पलीकडे, दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत शोधावे लागते. हा धागा त्या प्रवासाविषयी.

२/ पपईचे कुळ मूळचे आफ्रिकेतले. सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी त्याची एक शाखा अमेरिकेत पोहोचली, असे जनुकीय अभ्यास सांगतात. पुढे तिला फाटे फुटले. मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उष्ण, सखल भागात पपई घडली. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अँडीज पर्वताच्या उतारांवर, तिच्या वीसेक चुलत जाती वाढल्या. वनस्पतिशास्त्रात त्यांच्या प्रजातीला 'व्हास्कोन्सेलिया' म्हणतात. आपण त्यांना 'डोंगरी पपया' म्हणू.

३/ रानातली मूळ पपई मुठीत मावेल एवढी. गर थोडा, बिया फार. नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. एकाच फुलात दोन्ही अंगे असणारे उभयलिंगी झाड ही शेतीच्या काळातली घडामोड. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या गुणसूत्रांच्या अभ्यासानुसार ते सुमारे ४,००० वर्षांपूर्वी नर झाडापासून वेगळे झाले. हाच माया संस्कृतीच्या उदयाचा काळ. बाजारात मागणी असलेली लांबट पपई याच उभयलिंगी झाडाची. म्हणजे या फळाची उत्क्रांती जंगलात सुरू झाली आणि मळ्यात पुढे गेली.

४/ मग जहाजे आली. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ पासून सुमारे पाच वर्षे पोर्तुगीज गोव्यात राहिला. १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने पपईची वाट नोंदवली आहे: स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपिन्सकडे, तेथून मलाक्का आणि मलाक्क्याहून भारत. अटलांटिक ओलांडून नव्हे, तर प्रशांत महासागराकडून, पूर्वेच्या दाराने ती आपल्याकडे आली.

५/ शब्दही फळांबरोबर उतरले. 'पपई' हा शब्द कॅरिबियन बेटांकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून, 'अननस' ब्राझीलकडच्या तुपी-ग्वारानी भाषांतून आला. 'पेरू' मात्र त्या नावाच्या देशावरून आलेला नाही. नासपतीला पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणतात, त्यावरून तो आला, असे भाषाभ्यासक मानतात. मुघल काळात सुरतेचा माल नंदुरबार, चोपडा, बुऱ्हाणपूर या वाटेने उत्तरेकडे जाई. समुद्रापलीकडच्या जगाशी खानदेशाची ओळख तेव्हापासूनची.

६/ या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. जहाजात बी चढले ते मूठभर झाडांचे. जंगलात मात्र हजारो झाडे होती. प्रत्येकाची रोगाशी, थंडीशी, दुष्काळाशी झुंजण्याची रीत निराळी. ते वैविध्य जहाजात मावणारे नव्हते. जगभरच्या मळ्यांना हा तोटा जाणवला तो विसाव्या शतकात.

७/ १९४०च्या दशकात हवाई बेटांवर पपईच्या फळांवर गोल वलये दिसू लागली. हा रिंग स्पॉट विषाणू. मावा त्याचा प्रसार करतो. पाने आक्रसतात, झाड खुंटते, फळ बेचव होते. ओआहू बेटावरची लागवड कोलमडली आणि १९६०च्या सुमारास हवाईच्या मोठ्या बेटावरील पुना भागात हलली. १९९२ साली विषाणू तेथेही पोहोचला. अखेर १९९८ साली जनुकीय बदल केलेले प्रतिकारक वाण शेतकऱ्यांना मिळाले. हाच रोग आज खानदेशातल्या पपई उत्पादकांचीही झोप उडवतो.

८/ माहेराकडून शत्रू येतो, तसा सोबतीही येतो. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला आढळला आणि लवकरच महाराष्ट्रात पोहोचला. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. २०१० साली पोर्टो रिकोहून सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या आणि ही कीड ओसरली. ढेकणाचा शत्रू त्याच्या मूळ प्रदेशात टिकून होता, म्हणून हे शक्य झाले.

९/ रिंग स्पॉटवरचा असाच एक उपाय डोंगरी पपयांत आहे. त्यांतील काही जाती या विषाणूला दाद देत नाहीत. पण पपईशी त्यांचा संकर सोपा नाही. नाते दूरचे असल्याने बी धरत नाही, कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. ऑस्ट्रेलिया व फिलिपिन्समधील संशोधकांनी अनेक वर्षे खपून अशा संकरातून प्रतिकारक झाडे मिळवली. त्यासाठी वापरलेली एक जात बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागांतल्या रानातली आहे.

१०/ खानदेशासाठी अडचण आणखी एक. बहुतेक डोंगरी पपया थंड उतारांवर वाढणाऱ्या. जळगाव-धुळ्याचा मे महिना ४५ अंशांच्या घरातला. रोगाला न जुमानणारे झाड उन्हालाही तोंड देणारे हवे. म्हणून केवळ उंचावरच्या नव्हे, सखल उष्ण रानातल्या जातीही टिकायला हव्यात. इक्वेडोर-पेरूकडच्या काही जाती मात्र आज संकटग्रस्त गणल्या जातात. जंगल तुटून तेथे कुरणे आणि शेते होत आहेत.

११/ शेजारच्या केळीशी तुलना करून पाहावी. जळगावच्या ऊतीसंवर्धित 'जी-नाईन' केळीला बी नाही. प्रत्येक रोप दुसऱ्याची नक्कल. पपईला बी आहे, म्हणजे बदलण्याची शक्ती आहे. पण 'तैवान ७८६'सारख्या संकरित वाणाचे घरी राखलेले बी एकसारखे पीक देत नाही. दर लागवडीला रोप विकतच घ्यावे लागते. झाडाच्या भविष्याची दोरी मळ्यातून सुटून बियाणे-कंपनीच्या आणि प्रयोगशाळेच्या हाती गेली आहे. आणि प्रयोगशाळेलाही नवा गुण हवा असेल, तर बऱ्याचदा रानाकडेच वळावे लागते.

१२/ उद्याच्या पपईची कल्पना करायची तर ती अशी: फळ मध्य अमेरिकेच्या मळ्याचे, प्रतिकार दक्षिण अमेरिकेच्या रानाचा, उन्हाची सवय तापीकाठची. यांतले पहिले माणसाने ४,००० वर्षांपूर्वीच मिळवले. तिसरे खानदेशातला शेतकरी रोज घडवतो आहे. दुसऱ्याचा साठा मात्र एका पिढीच्या कुऱ्हाडीने संपू शकतो. अँडीजच्या उतारावरचे एखादे रान तुटते, तेव्हा शिरपूरच्या मळ्यातला एक मार्ग बंद होतो.

(धागा समाप्त)